चुंबकबद्ध प्लाझ्मातील लाटा आणि संक्षोभ: नियंत्रणाचा आढावा

चुंबकीय क्षेत्रात कोंडलेला प्लाझ्मा कधी स्वस्थ बसत नाही. चुलीवरच्या पातेल्यात तळाचे पाणी तापते, वरचे थंड राहते आणि तेवढ्या फरकावर सगळे पाणी ढवळू लागते. टोकामॅक या कड्याच्या आकाराच्या यंत्रात हा फरक कितीतरी तीव्र असतो: गाभ्यात दहा कोटी अंशांच्या घरातले तापमान आणि तिथून एक-दोन मीटरवर धातूची भिंत. घनता, तापमान, दाब आणि विद्युतप्रवाह यांचा हा उतार म्हणजे साठून राहिलेली ऊर्जा असते. ती मोकळी होण्याची वाट शोधते आणि बहुतेक वेळा ती वाट एखाद्या लाटेच्या रूपाने सापडते. लाट वाढली की तिला अस्थैर्य म्हणतात. अशा असंख्य लाटा एकमेकींत मिसळून त्यांचा ताळमेळ हरवला की तो संक्षोभ. अणुसंमीलनाची भट्टी पेटती ठेवण्याच्या खटपटीत गेली सत्तर वर्षे सर्वांत जास्त श्रम या दोघांवर खर्ची पडले आहेत.

यंत्रणा समजून घ्यायला ड्रिफ्ट तरंग हे सर्वांत साधे उदाहरण आहे. मध्ये दाट आणि कडेला विरळ असा प्लाझ्माचा एक स्तंभ घ्यावा. चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाला समांतर. कुठेतरी घनतेचा एक बारीक उंचवटा तयार झाला, तर हलके इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेवरून झटकन पांगतात, जड आयन मागे राहतात आणि उंचवट्याचे विभव धन होते. या विभवामुळे उत्पन्न झालेले विद्युतक्षेत्र आणि मूळचे चुंबकीय क्षेत्र मिळून प्लाझ्माला आडवे ढकलतात, आणि उंचवटा अक्षाभोवती सरकू लागतो. इलेक्ट्रॉनांना काहीच अडथळा नसेल तर लाट नुसती फिरत राहते, वाढत नाही. टकरींमुळे त्यांना थोडा उशीर झाला, की घनतेची लाट आणि विभवाची लाट यांत कलांतर पडते. मग लाट वाढते आणि प्रत्येक फेरीत थोडा प्लाझ्मा बाहेर टाकते. हे कलांतर हीच सगळ्या प्रकरणाची मेख आहे. पुढे नियंत्रणाच्या ज्या पद्धती निघाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या ना त्या प्रकारे या कलांतराशी किंवा त्यामागच्या उताराशी खेळतात.

आरंभीच्या संशोधकांना याची कल्पना नव्हती. डेव्हिड बोम यांनी युद्धकाळातल्या विद्युत-ज्योतीच्या प्रयोगांवरून एक सूत्र मांडले आणि ते १९४९ साली प्रसिद्ध झाले. साध्या टकरींच्या हिशेबाने चुंबकीय क्षेत्र दुप्पट केले की गळती चौपट कमी व्हायला हवी. बोम यांच्या सूत्रानुसार ती फक्त निम्मी होते. सूत्रातला १/१६ हा गुणक कुठून आला, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले नव्हते. तरीही प्रिन्स्टनमधल्या स्टेलरेटर यंत्रांवर वर्षानुवर्षे त्याच प्रमाणात गळती दिसत राहिली. सूत्र सर्वत्र खरे ठरले असते, तर संमीलन-भट्टीचा विचारच सोडून द्यावा लागला असता.

त्या काळातला आशावाद मात्र मोठा होता. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईहून गेलेले होमी भाभा तिचे अध्यक्ष होते. संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मोकळी करण्याचा मार्ग वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तिथे केले. त्याच्या आदल्याच वर्षी मार्टिन क्रुस्कल आणि मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी दाखवून दिले होते की, स्वतःच्या प्रवाहाने आवळून धरलेला प्लाझ्माचा स्तंभ जरासा वाकला तरी वाकतच जातो. इंग्लंडच्या हार्वेल येथील झीटा यंत्राने जानेवारी १९५८ मध्ये संमीलन साधल्याचे वृत्त जगभर गेले. काही महिन्यांतच उलगडा झाला, की मोजलेले न्यूट्रॉन तप्त प्लाझ्माचे नव्हतेच. अस्थैर्यांमुळे वेग घेतलेल्या मोजक्या आयनांचे ते होते.

नियंत्रणाचा पहिला निर्विवाद विजय मॉस्कोत मिळाला. चुंबकीय आरशांच्या यंत्रात प्लाझ्मा दोन टोकांना अडवला जातो, पण मध्यभागी क्षेत्र बाहेरच्या बाजूला क्षीण होत जाते, त्यामुळे प्लाझ्माला तिकडे फुगवटे येतात आणि तो निसटतो. मिखाइल योफे यांनी यंत्राभोवती प्रवाहवाहक दांडे बसवले. शेजारशेजारच्या दांड्यांत प्रवाह उलटसुलट दिशांनी वाहत असल्याने मध्यबिंदूपासून कोणत्याही दिशेला गेले तरी क्षेत्र वाढतच जाई. प्लाझ्मा जणू वाटीच्या तळाशी बसला. १९६१ साली जाहीर झालेल्या या प्रयोगात प्लाझ्मा टिकण्याचा काळ कित्येक पटींनी वाढला. इथे कोणत्याही लाटेचा पाठलाग केलेला नव्हता. लाट जिच्यावर पोसते ती परिस्थितीच बदलली होती. ताम आणि साखारोव्ह यांच्या कल्पनेतून निघालेल्या टोकामॅकनेही हेच केले. टी-३ या टोकामॅकमध्ये इलेक्ट्रॉनांचे तापमान एक कोटी अंशांपर्यंत गेल्याचे १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत सांगितले गेले, तेव्हा पश्चिमेतल्या अनेकांचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या कलहॅमहून एक तुकडी स्वतःचा लेझर घेऊन मॉस्कोला गेली आणि तिने हे आकडे खरे ठरवले. बोम यांच्या सूत्राचा धाक तिथे संपला.

धाक संपला, गळती संपली नाही. टोकामॅकमधील उष्णता टकरींच्या हिशेबापेक्षा कितीतरी वेगाने बाहेर जात होती, आणि याचे कारण बारीक प्रमाणावरचा संक्षोभ हे होते. म्हणून पुढचा इतिहास दोन वाटांनी जातो. मोठी अस्थैर्ये यंत्राच्या आकाराएवढी असतात, त्यांची संख्या मोजकी असते आणि ती कुठे उद्भवणार हे सांगता येते. त्यांना हुडकून थेट उलटा धक्का देता येतो. बारीक लाटा आयनांच्या घिरट्यांच्या त्रिज्येच्या, म्हणजे काही मिलिमीटरांच्या, प्रमाणावर उठतात; इलेक्ट्रॉनांच्या तापमानाच्या उतारावर उठणाऱ्या तर त्याहूनही कितीतरी सूक्ष्म असतात. त्या एकेक करून पकडणे अशक्यच.

पकडण्याचा प्रयत्न झाला नाही असे मात्र नाही, आणि त्यातून मिळालेले ज्ञान मोलाचे आहे. त्याची जागा क्यू-मशीन नावाचे लहान यंत्र. १९६० मध्ये प्रिन्स्टन येथे रिन आणि डी’अँजेलो यांनी ते बनवले. टंगस्टनची पांढरी होईपर्यंत तापवलेली चकती, तिच्यावर सीझियम किंवा पोटॅशियमची वाफ, आणि समोर उमटणारा थंड, शांत प्लाझ्माचा स्तंभ. इथे लाटा इतक्या स्वच्छ दिसतात की त्यांची वारंवारता, वाढ आणि कलांतर सरळ मोजता येते. १९६९ च्या सुमारास याच प्रकारच्या यंत्रांवर ड्रिफ्ट तरंगांचे फीडबॅक-नियंत्रण साधले. प्लाझ्मात एक शलाका ठेवून लाटेचा संकेत टिपायचा, तो वाढवायचा, त्याची कला ठरावीक अंशांनी सरकवायची आणि दुसऱ्या इलेक्ट्रोडवरून परत प्लाझ्माला द्यायचा. कला योग्य बसली की लाट ओसरते, चुकली की फोफावते. कलेचे बटण फिरवताना पडद्यावरची लाट कमीजास्त होताना दिसते, आणि सिद्धान्ताने सांगितलेल्या कलांतराचा यापेक्षा सरळ पुरावा मिळणे कठीण. अडचण एवढीच की, एक लाट दाबली की तिच्या शेजारची डोके वर काढते.

या अडचणीला बगल देणारा प्रयोग फ्रान्समधल्या नॅन्सी येथे मिराबेल नावाच्या यंत्रावर झाला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लाझ्माच्या स्तंभाभोवती कड्यासारखे आठ इलेक्ट्रोड बसवले होते. प्रत्येकाला एकाच वारंवारतेचा विद्युतदाब दिला, पण शेजारच्यापेक्षा कला थोडी पुढे ठेवून. दोन शेजाऱ्यांत ९० अंशांचे कलांतर ठेवले, की स्तंभाभोवती दोन शिखरांची एक फिरती लाट तयार होते. ही लाट ड्रिफ्ट तरंगांच्या दिशेने फिरवली आणि वारंवारता त्यांच्या जवळपास आणली, तेव्हा विस्कटलेला संक्षोभ आवरला गेला आणि त्या जागी एकच शिस्तबद्ध लाट उरली. उलट दिशेने फिरवल्यावर तसा काहीच परिणाम झाला नाही. लाटा नाहीशा झाल्या नव्हत्या. अनेकींची शक्ती एकीने गोळा केली होती. हा प्रयोग तप्त भट्टीत जसाच्या तसा करता येणार नाही, कारण तिथे असा इलेक्ट्रोड क्षणभरही टिकत नाही. तरीही संक्षोभाला थोड्या शक्तीने वळण लावता येते, हे त्याने स्वच्छ दाखवले. या क्षेत्रातल्या नामांकित मोठ्या प्रयोगांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जायला हवे.

संक्षोभावरचा सर्वांत मोठा विजय मात्र कोणी ठरवून मिळवलेला नाही. फेब्रुवारी १९८२ मध्ये जर्मनीतल्या गार्शिंग येथील ॲस्डेक्स टोकामॅकवर फ्रिट्झ वॅग्नर काम करत होते. प्लाझ्मा जितका तापवावा तितका तो उष्णता जास्त गमावतो, असा सगळीकडचा अनुभव होता. तापवणाऱ्या किरणशलाकांची शक्ती एका मर्यादेपुढे गेली आणि अचानक कडेचा प्रकाश मंदावला, घनता वाढू लागली, ऊर्जा टिकण्याचा काळ जवळपास दुप्पट झाला. उच्च बंदिस्तीच्या या अवस्थेला एच-मोड म्हणतात. संक्रमण सहस्रांश सेकंदांत घडते आणि सगळी किमया कडेच्या काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात असते; तिथे जणू बांध घातला जातो. त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या यंत्रांचा आराखडा याच अवस्थेवर आधारलेला आहे.

कारण कळायला आठेक वर्षे लागली. कडेच्या पट्ट्यात तीव्र विद्युतक्षेत्र तयार होते आणि ते प्लाझ्माच्या लगतच्या थरांना वेगवेगळ्या वेगांनी फिरवते. नदीच्या मधल्या धारेचा वेग काठाच्या धारेहून जास्त असतो. दोघींच्या मधे सापडलेला भोवरा ताणला जातो, लांबट होतो आणि तुटतो. संक्षोभातल्या भोवऱ्यांचेही तेच होते: ते लहान होतात, त्यांतल्या घनतेची आणि विभवाची सांगड बिघडते, गळती घटते. बिग्लारी, डायमंड आणि टेरी यांनी १९९० मध्ये याचा हिशेब मांडला. त्याआधी १९८९ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका टोकामॅकच्या कडेला इलेक्ट्रोड घालून त्यावर विद्युतदाब दिला होता, तेव्हा एच-मोड हवा तेव्हा सुरू करता आला. म्हणजे विद्युतक्षेत्र हे कारण होते, परिणाम नव्हे. पुढे त्याच विद्यापीठातल्या सुमारे २० मीटर लांबीच्या लार्ज प्लाझ्मा डिव्हाइसवर थरांच्या वेगांतली तफावत शून्यातून दोन्ही बाजूंना हळूहळू बदलून पाहिली गेली. तफावत कोणत्याही दिशेची असो, ती वाढली की गळती कमी होते, असे २०१२ मधल्या निष्कर्षात दिसले.

असे प्रवाह बाहेरूनच लावावे लागतात असे नाही, आणि या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे. संक्षोभ स्वतःच्या शक्तीतून वर्तुळाकार पट्ट्यांचे प्रवाह निर्माण करतो आणि तेच प्रवाह त्याला आवर घालतात. गुरू ग्रहावर दिसणारे पट्टे याच जातीचे. अकिरा हासेगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून याची समीकरणे मांडली. १९९८ मध्ये महासंगणकावरच्या गणनांनी दाखवले की हे प्रवाह गणितातून काढून टाकले तर गळती भरमसाट वाढते. जपानमधल्या सीएचएस यंत्रावर जड आयनांच्या दोन शलाका दोन वेगवेगळ्या जागी सोडून ते २००४ मध्ये प्रत्यक्ष मोजले गेले. नाते भक्ष्य-भक्षकासारखे असते: संक्षोभ वाढला की प्रवाह पोसले जातात, प्रवाह बळावले की संक्षोभ खंगतो, मग प्रवाहही मंदावतात आणि संक्षोभ पुन्हा उचल खातो.

बांध घातला की पाणी साठते. एच-मोडमध्ये कडेचा दाब इतका चढतो की तिथे नवीच अस्थैर्ये फुटतात. त्यांना ईएलएम म्हणतात. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे हे झटके ठरावीक अंतराने येतात आणि दर वेळी कडेच्या साठ्याचा काही भाग सहस्रांश सेकंदाहून कमी वेळात बाहेर फेकतात. आजच्या यंत्रांच्या भिंती ते सोसतात; भट्टीच्या आकाराच्या यंत्रात त्याच झटक्याने धातू वितळेल. शिवाय बांध पक्का असेल तर भिंतीतून आलेली अशुद्ध द्रव्येही आत अडकतात आणि गाभा थंड करतात. त्यामुळे संक्षोभ पूर्ण बंद करणे हे ध्येयच चुकीचे ठरते. थोडी, सतत आणि मोजून गळती हवी.

त्यासाठी तीन उपाय पुढे आले. पहिला कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथील डीथ्री-डी टोकामॅकवर २००४ मध्ये टॉड इव्हान्स यांच्या गटाने सिद्ध केला: पात्रातल्या कॉइलनी मुख्य क्षेत्राच्या हजाराव्या भागाहूनही क्षीण अशी सुरकुती कडेच्या क्षेत्रावर पाडली आणि बहुतेक मोठे झटके थांबले. दुसरा उपाय म्हणजे गोठवलेल्या ड्युटेरियमच्या बारीक गोळ्या मारून झटके मुद्दाम आणि वारंवार घडवणे, म्हणजे प्रत्येक झटका लहान राहतो. तिसरा सर्वांत देखणा आहे. त्याच डीथ्री-डीवर अशी एक अवस्था सापडली, जिच्यात कडेला एक सौम्य लाट अखंड चालू राहते आणि तीच दाब व अशुद्धी बाहेर सोडत राहते; शिट्टीची वेळच येत नाही. ज्या लाटेला शत्रू मानले जात होते, तिच्यावर इथे राखणदारीचे काम सोपवले गेले आहे.

मोठ्या अस्थैर्यांची कथा तुलनेने सरळ आहे. फर्थ, किलीन आणि रोझेनब्लुथ यांनी १९६३ मध्ये वर्णिलेल्या फाटीच्या लाटा क्षेत्ररेषा तोडून पुन्हा वेगळ्या जोडतात आणि चुंबकीय बेटे तयार करतात. बेटाच्या आतून उष्णता सहज निसटते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ॲस्डेक्स अपग्रेडवर सूक्ष्मलहरींची शलाका नेमकी बेटावर रोखून, तिथला हरवलेला प्रवाह भरून काढून बेट बुजवण्यात आले. काही सेंटिमीटरचा नेम चुकला तरी उपयोग होत नाही. इटलीत पादुआच्या आरएफएक्स-मॉड यंत्राभोवती १९२ कॉइल होत्या, प्रत्येकीचा प्रवाह स्वतंत्रपणे बदलता येण्याजोगा. भिंतीच्या रोधामुळे हळू वाढणारी अस्थैर्ये त्यांनी एकाच वेळी दाबून ठेवली. उभट आकाराचा प्लाझ्मा वर-खाली घसरू पाहतो, त्याला सावरणारे फीडबॅक तर आज नित्याचे झाले आहे. लोझानच्या टीसीव्ही टोकामॅकच्या १९ कॉइल २०२२ मध्ये स्वतः शिकलेल्या संगणकी प्रणालीने हाताळल्या. २०२४ मध्ये डीथ्री-डीवर अशाच प्रणालीने फाटीच्या लाटेची चाहूल ३०० सहस्रांश सेकंद आधी घेऊन ती टाळली. या प्रणाली उत्तम पहारेकरी आहेत. लाट का उठते याचे उत्तर त्या देत नाहीत, आणि नव्या, अधिक मोठ्या यंत्रावर शिकण्यासाठी लागणारे अपघात त्यांना परवडणारही नाहीत.

भारतातले काम या चित्रात ठळक आहे. गांधीनगरजवळच्या भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये आदित्य टोकामॅक सुरू झाला. त्याच्या कड्याची त्रिज्या ७५ सेंटिमीटर आणि प्लाझ्माची २५. कडेचा संक्षोभ एकसारखा नसून मधूनच येणाऱ्या मोठ्या उसळ्यांचा असतो, हे आदित्यच्या मोजमापांवरून १९९२ मध्ये मांडले गेले. पुढे हीच गोष्ट जगभरच्या यंत्रांवर दिसली. प्लाझ्मा अचानक कोसळण्याच्या घटनांवरही तिथे एक साधा आणि नामी उपाय तपासला गेला: हायड्रोजनचा झोत सोडून मुद्दाम कोसळणे घडवायचे, पण त्याआधी कडेतल्या इलेक्ट्रोडवर धन विद्युतदाब द्यायचा. दाब वेळेवर दिला की फाटीच्या लाटा वाढत नाहीत आणि प्लाझ्मा वाचतो. त्याच संस्थेतल्या दोन मीटर व्यासाच्या आणखी एका यंत्रात मोठ्या चुंबकी गाळणीने उष्ण इलेक्ट्रॉन वेगळे काढून तापमानाचा उतार स्वतंत्रपणे बदलता येतो. इलेक्ट्रॉन-तापमानाच्या उतारावर उठणारा अतिसूक्ष्म संक्षोभ, जो तप्त टोकामॅकमध्ये थेट पाहणे फार अवघड, तो तिथे २०१२ मध्ये शलाकांनी मोजून दाखवला गेला.

टोकामॅकच्या बाहेरही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड येथील वेंडेलस्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरच्या ५० पिळदार कॉइलचे आकार टकरींमुळे होणारी गळती कमीत कमी व्हावी अशा हिशेबाने ठरवले होते. २०१५ मध्ये यंत्र सुरू झाले, हिशेब बरोबर ठरला, आणि मग उरलेली जवळपास सगळी गळती संक्षोभाची निघाली. कितीही तापवले तरी आयनांचे तापमान दीड कोटी अंशांच्या आसपास अडून राही. गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या आत मारून घनतेचा उतार तीव्र केल्यावर ते जवळपास दुपटीने वाढले. क्यू-मशीनमध्ये घनतेचा उतारच लाटा पोसतो. इथे तोच तापमानाच्या उतारावर उठणाऱ्या लाटांना दडपतो. कोणता उपाय कुठे लागू पडेल हे लाटेची जात ओळखल्याशिवाय सांगता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

पेटत्या प्लाझ्मात आणखी एक लाट वाट पाहते आहे. संमीलनातून निघणारे हीलियमचे केंद्रक ३५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे असतात आणि त्यांचा वेग क्षेत्ररेषांवरून धावणाऱ्या आल्फवेन तरंगांच्या वेगाला गाठतो, त्यामुळे ते त्या तरंगांना चिथावू शकतात. भट्टी तापवायचे काम ज्यांनी करायचे, तेच कण मग बाहेर फेकले जातात. याची खरी परीक्षा फ्रान्समधल्या कादाराश येथे उभ्या राहणाऱ्या इटर यंत्रातच होईल. भारत त्याच्या सात भागीदारांपैकी एक असून त्याच्या महाकाय क्रायोस्टॅटचे भाग गुजरातेतल्या हजिरा येथे घडवले गेले. इटरच्या निर्वात पात्राच्या आतल्या भिंतीवर कडेचे झटके आवरण्यासाठी प्रत्येकी नऊच्या तीन रांगांत २७ कॉइल बसवायच्या आहेत, आणि बेटे बुजवण्यासाठी १७० गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींच्या शलाका छतालगतच्या झरोक्यांतून सोडायच्या आहेत.